एकेचाळीस सुंदराबाई

घाटकोपर पूर्वेला पंतनगरच्या आतल्या रस्त्यावर चंद्रप्रकाश मेस्त्रींचं ट्रॉफींचं दुकान आहे. दहा बाय बाराची जागा. पुढे काचेच्या कपाटात कप, ढाली आणि बॅट उचललेले बिनचेहऱ्याचे फलंदाज. मागे पडद्याआड कोरायची मशीन. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा चंद्रप्रकाश शाळा सोडून लालबागच्या एका ट्रॉफीवाल्याकडे लागला आणि पितळेवर हाताने नावं कोरायला शिकला. पुढे स्वतःचं दुकान झालं, मशीन आली आणि हाताचं काम सुटलं. मशीनची हिऱ्याच्या टोकाची सुई पितळी पट्टीवर देवनागरी अक्षरं अशी सफाईने काढायची की त्याला स्वतःलाच स्वतःचा हात आठवेनासा झाला.

या मे महिन्यात मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटर मेला. त्याच्यातलं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं होतं ती कंपनी त्याच्याही आधी गेली होती. सगळ्यांनी सांगितलं, नवीन मशीन घ्या. चंद्रप्रकाश म्हणाला, मशीनला काय धाड भरलीय, मेला तो डबा.

त्याची मुलगी गंधाली तेव्हा बीएस्सी आयटी करून नोकरी शोधत होती. तिने पोटमाळ्यावरून मशीनचं जाडजूड पुस्तक काढलं. सुईला कुठे जायचं, कधी टेकायचं, कधी उचलायचं हे कसं सांगायचं ते त्यात होतं, आणि शेवटच्या पानावर नमुन्याचा छोटासा प्रोग्राम होता, सी भाषेतला. दोन आठवडे ती आपला लॅपटॉप मशीनला जोडून पडद्यामागे बसून होती. शेवटी एका शुक्रवारी मशीनने एका पट्टीवर ‘गंधाली’ असं कोरलं. अनुस्वार जरा वर गेला होता, तो तिने खाली आणला. मग परत कोरलं, आणखी एकदा कोरलं. दोन्ही वेळा झकास.

त्याच दिवशी संध्याकाळी देवनारहून संघमित्रा साळवे आली. साठीच्या पुढच्या बायकांचं एक मंडळ ती चालवते. नोकरी सांभाळून संध्याकाळी साक्षरतेचा वर्गही घेते. मंडळाने बायकांची तीन किलोमीटर चालण्याची शर्यत घेतली होती. पहिल्या तिघींना मोठे कप, आणि शेवटपर्यंत चाललेल्या प्रत्येकीला छोटी ट्रॉफी, असा तिचा हट्ट होता. चाळीस नावांची यादी तिने गंधालीच्या फोनवर पाठवली. रविवारी सकाळी दहाला बक्षीस समारंभ.

घरी जाऊन तिने परत फोन केला. “गंधाली, आणखी एक नाव घाल गं. सगळ्यात शेवटी. सुंदराबाई वाघमारे.”

“या कशा राहिल्या?”

“राहिल्या नाहीत, उशिरा पोचल्या. आम्ही मांडव सोडत होतो तेव्हा आल्या. तीन वर्षांपूर्वी वाचायला शिकल्यात. आता रस्त्यात दुकानाची पाटी दिसली की पूर्ण वाचल्याशिवाय पुढे जात नाहीत. तीन किलोमीटरच्या सगळ्या पाट्या वाचून आल्या.”

गंधालीने एकेचाळिसावं नाव घातलं.

शनिवारी सकाळी बापलेकीचं भांडण झालं. गंधालीला अकरा वाजता अंधेरीला एका कंपनीत मुलाखतीला जायचं होतं, आणि चंद्रप्रकाशला पट्ट्या कोरायला घ्यायच्या होत्या. तो दर पाच मिनिटांनी काहीतरी सुचवत होता. सुई आधी गरम करायची का. नावं दोन दोनच द्यायची का. यादी मी एकदा हाताने उतरवून ठेवू का. गंधाली केस विंचरता विंचरता म्हणाली, “बाबा, सगळी नावं कॉम्प्युटर आधीच वाचून घेणार आहे. चौकटीत सहा पट्ट्या बसवा, बटण दाबा, झाल्या की काढा, पुढच्या सहा बसवा. एवढंच करा. मध्ये डोकं लावू नका.”

“नाय लावत,” चंद्रप्रकाश म्हणाला.

मुलाखत चांगली झाली. समोर तिघे होते. त्यांच्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी सी भाषेवर प्रश्न विचारले. “स्ट्रिंग पॉइंटर वापरताना नवीन मुलं हमखास कुठे चुकतात?”

गंधालीला हे पाठ होतं. “त्यांना वाटतं बरोबरचं चिन्ह दिलं की मजकूर उतरून आला. पण पॉइंटर म्हणजे नुसता पत्ता. मजकूर मूळ जागीच असतो. मूळ जागेवर दुसरं काही लिहिलं की आधीचं गेलं. म्हणून आधी मॅलॉकने मेमरीत वेगळी जागा मागायची आणि मजकूर तिथे उतरवून घ्यायचा.”

“तुमची कधी झालीय ही चूक?”

“नाही, मॅडम,” गंधाली म्हणाली. तिघांनीही काहीतरी लिहून घेतलं.

परतताना मेट्रोत बसून तिने मैत्रिणीला कळवलं की आज बहुतेक जमलं. मग फोनवर वडिलांचा एक सुटलेला कॉल दिसला, पावणेबाराचा. तेव्हा तिचा फोन बंद होता. एकच कॉल आहे म्हणजे काही विशेष नसेल, असं समजून तिने फोन पर्समध्ये टाकला.

ती चार वाजता दुकानात शिरली तेव्हा काउंटरवर एकेचाळीस ट्रॉफ्या ओळीने मांडलेल्या होत्या. पलीकडे स्टुलावर चंद्रप्रकाश हाताची घडी घालून बसला होता. अलीकडे निळ्या नऊवारीतली, बारीक चणीची, सत्तरीच्या आसपासची एक बाई ट्रॉफ्यांवरून बोट फिरवत वाचत होती. एकेक अक्षर घ्यायची, ओठांत जुळवायची, मग पुढच्या ट्रॉफीकडे.

“सुं-द-रा-बा-ई. वा-घ-मा-रे.” ती वळली. “ही पण माझीच.”

गंधालीने पहिली ट्रॉफी उचलली. मग शेवटची. मग मधली एक. पहिल्या क्रमांकाच्या मोठ्या कपावर सुंदराबाई वाघमारे. दुसऱ्यावर सुंदराबाई वाघमारे.

“संघमित्राताईनं पाठवलं मला न्यायला,” बाई म्हणाली. “जय भीम. मी सुंदराबाई. पण ताई म्हणली होती मला एक आहे.”

गंधालीने वडिलांकडे बघितलं. “बाबा, हे काय आहे?”

“पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं,” चंद्रप्रकाश म्हणाला.

“पहिल्या सहा निघाल्या तेव्हा दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं ना. फोन पण केला. तुझा बंद. मग म्हटलं, ह्या बाईंचं आधी काहीतरी वेगळं असेल. दुसऱ्या सहा निघाल्या तेव्हा म्हटलं, सत्कार असेल मोठा.”

“आणि तिसऱ्या?”

“तिसऱ्यांनंतर म्हटलं, आता तुलाच दिसू दे.”

चंद्रप्रकाश उठला आणि सांगितल्याशिवायच शेजारच्या टपरीवर तीन चहा सांगून आला.

पडद्यामागे जाऊन गंधालीने लॅपटॉप उघडला. चूक शोधायला अर्धं मिनिटही लागलं नाही. प्रोग्राम यादीतून एक नाव वाचायचा आणि एका ठरलेल्या जागी ठेवायचा. मग त्या बाईच्या क्रमांकापुढे नोंद करायचा. पुढचं नाव त्याच जागी यायचं, आधीचं पुसून. आणि नोंदीच्या ओळीत, जिथे नाव उतरवून घ्यायला हवं होतं, तिथे तिने साधं बरोबरचं चिन्ह दिलं होतं. म्हणजे एकेचाळीस बायकांपुढे एकेचाळीस वेळा एकच पत्ता. शुक्रवारी तपासताना तिने एकच नाव दिलं होतं, त्यामुळे पुसलं जाण्यासारखं काही नव्हतंच. सकाळी साडेअकराला अंधेरीत बसून तिने चष्मेवाल्या बाईंना हीच चूक शब्दन् शब्द सांगितली होती, आणि त्याच वेळी इथे तिचे वडील पहिली चौकट बसवत होते.

तिला हसू आलं, आणि रडूही येईल की काय असं वाटलं. तेवढ्यात पडदा बाजूला सारून सुंदराबाई चहाचा ग्लास घेऊन आत आल्या.

“काय सापडलं का?”

“सापडलं, मावशी. माझीच चूक आहे.”

“मला सांगशील? माझं नाव आहे म्हणून विचारते.”

गंधालीने सांगायचा प्रयत्न केला. पॉइंटर हा शब्द तिने टाळला. म्हणाली, “कॉम्प्युटरात नाव लिहायची एक जागा आहे. नाव आलं की तिथे लिहितात, पुढचं आलं की ते पुसून त्याच जागी लिहितात. मी प्रत्येकीचं नाव तिथून उतरवून घ्यायला हवं होतं. ते न करता मी फक्त लिहून ठेवलं की नाव कुठे आहे. आणि कोरायची वेळ आली तेव्हा त्या जागी शेवटचं नाव उरलं होतं. तुमचं.”

सुंदराबाईंनी चहा संपवला. “मी तीस वर्षं शाळेत झाडूपोछा केला. तिथं वर्गात रोज फळ्यावर सुविचार लिहायचे. पोरांनी तो वहीत उतरवून घ्यायचा. एक पोरगं होतं आळशी. ते रोज वहीत लिहायचं, ‘फळ्यावर बघा.’ शनिवारी गुरुजींनी वही मागितली. सोमवारी काय सुविचार होता? फळ्यावर बघा. मंगळवारी? फळ्यावर बघा. आणि फळ्यावर शनिवारचा.”

“हो,” गंधाली म्हणाली. “तेच मी केलं.”

“फळा रोज मीच पुसायचे,” सुंदराबाई म्हणाल्या. “काय पुसते ते तेव्हा वाचता येत नव्हतं, एवढंच.”

आता पट्ट्या आणायच्या कुठून, हा प्रश्न होता. चंद्रप्रकाशने मसजिद बंदरच्या पितळवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, शनिवारी दोनला दुकान बंद होतं, माल सोमवारी. दुकानात उरल्या होत्या पाच पट्ट्या. चंद्रप्रकाशने एका ट्रॉफीवरची पट्टी निरखून पाहिली, कड नखाने तपासली, आणि मुलाखतीची इस्त्री केलेली कुर्ती अजून अंगावर असलेल्या मुलीला म्हणाला, “उलट्या लावूया.”

“म्हणजे?”

“पट्टीला दोन बाजू असतात गो. मागे काय कोरलंय ते कोण बघतंय? ट्रॉफीला चिकटली की झालं.”

पट्ट्या काढायला त्याने खणातून तंगूस काढली, मासे पकडायचा नायलॉनचा दोरा. पट्टी आणि लाकडाच्या मध्ये ती घालून करवतीसारखी ओढली की चिकटपट्टी कापत जाते आणि पट्टी वाकत नाही. ही युक्ती लालबागची. चाळीस पट्ट्या सुटल्या. एकेचाळिसावी त्याने तशीच ठेवली. “ही तुमची. ही तेवढी बरोबर आहे.”

सुटलेल्या पट्ट्यांच्या मागच्या बाजू काळवंडलेल्या होत्या आणि त्यांवर गोंद होता. चंद्रप्रकाश रॉकेलचा बोळा शोधू लागला. सुंदराबाईंनी एक पट्टी हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, “पितळच आहे ना? मग चिंच आणा की. मीठ आहे का घरात?” समोरच्या वाण्याकडून चिंच आणि मीठ आलं. रॉकेलने गोंद काढायचं काम चंद्रप्रकाशकडे आणि चिंचेने घासायचं सुंदराबाईंकडे, असं न ठरवताच ठरलं. बादलीशी बसून दोघं पट्ट्या घासू लागली. थोड्या वेळाने ती जालन्याची आणि तो कणकवलीचा, इथवर बोलणं पोचलं.

इकडे गंधालीने प्रोग्राम दुरुस्त केला. प्रत्येक नावासाठी कॉम्प्युटरकडे वेगळी जागा मागायची, नावाला जेवढी घरं लागतील तेवढी, आणि नाव त्या जागी उतरवून घ्यायचं. शहाणी होऊन तिने या वेळी पितळेवर घाई केली नाही. आधी अॅक्रिलिकच्या तुटक्या फळीवर एकेचाळीसच्या एकेचाळीस नावं काढली. सुगंधा तावडे, माधुरी जगताप, मधुवंती रणपिसे. प्रत्येक नाव वेगळं. तिने यादीशी वरवर ताडून पाहिलं, हायसं वाटलं. चंद्रप्रकाशने हात पुसत येऊन फळी उजेडात धरली. “बरोबर आहे. चढव.”

“मी बघू का?” सुंदराबाई म्हणाल्या.

त्यांना नको कोण म्हणणार? त्या फळी मांडीवर घेऊन बसल्या. त्यांचं वाचणं म्हणजे बोट अक्षराखाली, अक्षर तोंडात, आणि मगच पुढचं. पहिली दहा नावं झाली. पाच मिनिटं गेली. चंद्रप्रकाशने घड्याळाकडे पाहिलं. अकराव्या नावाशी बोट थांबलं.

“मा-धु-री ज-ग-ता-प. आणि हे पुढं काय आहे?”

“कुठे?”

“प च्या पुढं. हे अक्षर आमच्या वर्गात नाही शिकवलं.”

गंधालीने वाकून पाहिलं. ‘प’च्या पुढे एक बारीकशी वेलांटी होती आणि तिच्या पुढे एक ठिपका. सुई घसरल्यासारखं वाटत होतं.

“सुई घसरली असेल,” चंद्रप्रकाश म्हणाला.

सुंदराबाईंनी मान हलवली आणि वाचत राहिल्या. सोळाव्या नावापुढे तशीच खूण. एकोणतिसाव्या नावापुढे तर दोन. गंधाली आणि चंद्रप्रकाश, दोघांनीही फळी पाहिली होती. दोघांनाही नावं ओळखीची वाटली आणि दोघांनीही ती पाहिली, पण वाचली नव्हती.

गंधाली परत लॅपटॉपशी बसली. या वेळी सापडायला वेळ लागला. तिने नखं खाल्ली, थंड चहा प्यायली आणि कागदावर चौकोन काढले. एका चौकोनात एक खूण. माधुरी जगताप या नावाला लागणारी घरं मोजली. सोळाव्याची मोजली. मग उमगलं. नाव कुठे संपलं हे कॉम्प्युटरला आपणहून कळत नाही. शेवटी एक न दिसणारी खूण ठेवावी लागते, ‘इथे थांब’ अशी. तिने जागा मागितली होती अक्षरांपुरती, या खुणेपुरती नाही. बहुतेक नावांचं निभावलं, कारण कॉम्प्युटर मागितल्यापेक्षा दोन-चार घरं जास्तच देतो. पण काही नावांचं माप त्याच्या मापाशी तंतोतंत जुळलं. त्यांची शेवटची खूण पलीकडच्या घरात जाऊन पडली, तिथे ती पुसली गेली, आणि सुई नाव संपल्यावरही पुढचं जे सापडेल ते कोरत सुटली.

“एक घर कमी मागितलं, मावशी,” ती पडद्यातून डोकं काढून म्हणाली. “नाव संपलं हे सांगायलाही एक जागा लागते. ती विसरले.”

“मग माग की. संकोच कसला?”

तिने प्रत्येक नावासाठी एक घर जास्त मागितलं. परत फळी, परत एकेचाळीस नावं, परत सुंदराबाईंचं बोट. या वेळी कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. भलती खूण एकही नव्हती. फक्त तेविसाव्या नावाशी त्या म्हणाल्या, “ही रुक्मिणी माझ्या शेजारी राहते. तिची ‘णी’ दुसरी असते. इथं पहिली झालीय.” ती चूक संघमित्राच्या यादीतली होती. ती पण सुधारली.

सहाच्या सुमाराला मशीन पितळेवर चालू झाली. चौकट बसवायला चंद्रप्रकाश, बटण दाबायला गंधाली, निघालेली पट्टी वाचायला सुंदराबाई. दोन चौकटींच्या मधल्या वेळात सुंदराबाईंनी विचारलं, “कॉम्प्युटरकडून एवढी जागा मागून घेतलीस. काम झाल्यावर परत देतेस का?”

गंधाली जरा गडबडली. परत करायचा एक आदेश असतो, पण तिने तो लिहिला नव्हता. “प्रोग्राम बंद झाला की आपोआप जाते ती.”

“म्हणजे तू देत नाहीस.”

“नाही.”

“घरात पण तसंच आहे,” चंद्रप्रकाश सुईवरची नजर न काढता म्हणाला. “टॉवेल, चार्जर, माझी कात्री. आपोआप परत येईल म्हणून वाट बघायची.”

गंधालीने पुढची चौकट होईपर्यंत तो आदेश लिहून टाकला.

सातला संघमित्रा स्वतःच आली. सुंदराबाई तीनला गेल्या त्या परतल्या नाहीत, फोनही उचलत नाहीत, म्हणून काळजीत होती. सुंदराबाईंचा फोन पिशवीत होता आणि पिशवी चिंचेच्या बादलीमागे. संघमित्राने सगळी हकीकत ऐकली, एक पट्टी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, आणि काउंटरला टेकून इतकी हसली की तिचा चष्मा खाली आला.

“म्हणजे उद्या सगळ्या बायका घरी नेणार ती ट्रॉफी सुंदराबाईंचीच.”

“कुणाला सांगू नका, ताई,” गंधाली म्हणाली.

“मी कशाला सांगतेय? फक्त नीट चिकटवा.”

आठपर्यंत सगळं खोक्यांत भरून झालं.

रविवारी देवनारच्या समाजमंदिरात समारंभ झाला. पहिला क्रमांक सुगंधा तावडेंचा. त्या त्रेसष्ट वर्षांच्या, मूळच्या मालवणच्या, रोज पहाटे गोवंडी स्टेशनपर्यंत हात हलवत जाऊन येणाऱ्या. त्यांनी कप डोक्यावर धरून फोटो काढला. शेवटी सुंदराबाईंना बोलावलं तेव्हा टाळ्या सगळ्यात जास्त वाजल्या, कारण त्या पाट्या वाचत आल्या ही गोष्ट एव्हाना सगळ्यांना माहीत होती. प्रत्येक बाई ट्रॉफी घेऊन खाली उतरली की सुंदराबाई तिच्या हातातली पट्टी वाचून बघायच्या आणि समाधानाने मान हलवायच्या. बायकांना वाटलं, म्हातारीला किती कौतुक आहे.

पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारी, सुगंधा तावडे तो मोठा कप घेऊन दुकानात आल्या आणि काउंटरवर त्यांनी एक सुटी पट्टी आपटली.

“ह्या काय?” त्या म्हणाल्या. “नातीन पाण्यान धुतलान, पट्टी हातात इली. पाठीमागे दुसऱ्याच बाईचा नाव. माका जुनो कप दिलास तुमी?”

सुंदराबाई तिथेच होत्या. चंद्रप्रकाशने त्यांना दर शनिवारी पट्ट्या वाचायला बोलावलं होतं. आठवड्याचं काम ट्रॉफ्यांवर चढायच्या आधी त्या बसून तपासायच्या, आणि त्याचे पैसे तो त्यांच्या पिशवीत स्वतःच्या हाताने घालायचा, कारण हातात दिले की त्या नको म्हणत. गंधालीने सुगंधाबाईंना बसवलं, पाणी दिलं आणि सगळं खरं सांगितलं. फळा, आळशी पोरगं, एकच पत्ता, चिंच. सुगंधाबाईंनी ते भुवया न हलवता ऐकून घेतलं. मग सुंदराबाईंकडे वळल्या.

“म्हणजे शर्यतीत ही माझ्या पाठी, आणि हयसर पण पाठीच.”

“सगळ्यांच्याच पाठी आहे,” सुंदराबाई म्हणाल्या. “तुमच्या एकटीच्या नाही.”

हे मात्र सुगंधाबाईंना आवडलं. त्यांनी पट्टी परत चिकटवून घेतली, आणि जाताना मंडळातल्या किमान दहा जणींना फोन केले. पुढच्या आठवड्यात आठ बायका आपापल्या ट्रॉफ्या घेऊन दुकानात आल्या. त्यांच्या पट्ट्या आपोआप सुटल्या होत्या असं त्यांचं म्हणणं होतं, पण तीन पट्ट्यांवर सुरीचे ओरखडे होते. चंद्रप्रकाशने सगळ्या परत चिकटवल्या, या वेळी असा गोंद लावून की तंगूसही शिरू नये.

ते पाहून सुंदराबाईंनीही आपली ट्रॉफी आणली. “माझ्या मागं काय आहे?”

“तुमच्या मागे कोरं आहे, मावशी. तुमची उलटवलीच नव्हती,” गंधाली म्हणाली.

“मग माझ्या मागं ह्या सगळ्यांची नावं घाल.”

“चाळीस नावं एवढ्याशा पट्टीवर मावणार नाहीत.”

सुंदराबाईंनी थोडा विचार केला. “मग पत्ता घाल. कुठं आहेत ते.”

गंधालीने पट्टी काढली आणि मागे कोरलं : बाकीची नावे संघमित्राताईंच्या वहीत. सुंदराबाईंनी ते दोनदा वाचलं, ‘वहीत’चा ‘त’ आणि पुढची कोरी जागा नीट पाहिली, आणि मगच चिकटवायला दिली.

अंधेरीच्या कंपनीचं पत्र महिनाअखेरीला आलं. एक तारखेपासून गंधाली तिथे जाऊ लागली. पहिल्या सोमवारी दुकानात मुलुंडच्या एका कॅरम क्लबचं काम होतं, अठरा नावं. चंद्रप्रकाशने यादी तिने दाखवलं होतं तशी घातली, चौकट बसवली आणि बटण दाबलं. पहिल्या सहा पट्ट्या निघाल्या. त्याने त्या खिडकीशी नेल्या आणि सुंदराबाईंसारखं बोट ठेवून वाचल्या. सहा माणसं, सहा नावं. मग त्याने गंधालीला फोन लावला.

ती ट्रेनिंगच्या खोलीतून बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, “काय झालं, बाबा? काय निघालं?”

“काय नाय. देवव्रत निघाला, मग चैतन्य, मग प्रीतम. सगळी वेगळी आहेत.”

“मग फोन कशाला केलात?”

“हेच सांगायला,” चंद्रप्रकाश म्हणाला, आणि पुढच्या सहा पट्ट्या बसवायला गेला.